बाहेरून मोजलेले ग्रह

कातारीकाकांना कुणी ‘आता आराम करा’ म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. आराम म्हणे! लेथला हात लागतात, गुडघे नव्हे, असं ते फाडकन सुनावायचे. उभा जन्म खुर्च्यांचे पाय आणि जिन्यांचे कठडे कातण्यात गेलेला माणूस. दुपारची झोप म्हणजे त्यांना शिक्षाच. पण त्या सकाळी विज्ञानदालनातून फोन आला आणि काका आपण होऊन खुर्चीत बसले. मटकन बसले.

“काय झालं बाबा?” लेकीने आतून विचारलं.

“उतरवायला बोलावलंय,” काका म्हणाले. “आपली सूर्यमाला.”

‘आपली’ हा शब्द त्या घरात उगाच वापरला जात नसे. दालनाच्या मधल्या मोठ्या खोलीत छतापासून टांगलेली ती सूर्यमाला काकांनी आणि काकूंनी मिळून केलेली. मधे काचेच्या गोळ्यात दिवा, तो सूर्य. त्याच्याभोवती आठ लोखंडी दांड्या, लहानापासून मोठीपर्यंत, आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला लोंबणारा एक लाकडी ग्रह. बटण दाबलं की वर दातेरी चाकं कुरकुरत फिरायला लागायची आणि शाळेची पोरं माना वर करून ‘आऽऽ’ करायची. तेव्हा पुस्तकात नऊ ग्रह होते, पण आठव्यापाशीच खोली संपली आणि भिंत आली. पुढे कितीतरी वर्षांनी शास्त्रज्ञांनीच नवव्याला यादीतून काढलं, तेव्हा काका महिनाभर छाती काढून फिरत होते. “आम्ही आधीच काढला होता,” असं दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं.

लाकूड काकांचं, रंग काकूंचे. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या साड्या वाटल्या गेल्या, ब्रश डब्यात वाळून काठ्या झाले, त्यांनी रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांवर आता प्लास्टिकच्या चकचकीत पाट्या बसल्या. त्यांच्या हातचं म्हणावं असं गावात एकच उरलं होतं, ते आठ गोळे. ते फिरते राहावेत, एवढीच काकांची आता इच्छा होती. आणि नेमके तेच अडगळीच्या खोलीत जाणार होते.

“तू चल बरोबर,” काका लेकीला म्हणाले. “शिडी धरायला.” शिडीची गरज नव्हती, सगळा सांगाडा कप्पीवरून खाली यायचा. लेक चपला घालून निघाली.

बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत होते, पण बघत होते कसले! ते केव्हाच मागे जाऊन पोचले होते, दालनाला अजून ओल्या चुन्याचा वास येत होता त्या दिवसांत.

तेव्हा ते काका नव्हते आणि ती काकू नव्हती. हे एक हट्टी कातारी, ती पाट्या रंगवणारी एक फटकळ मुलगी. दालनाच्या मोठ्या सरांनी दोघांना वेगवेगळं काम दिलं होतं. सर स्वतः कातारीच्या कारखान्यात आले, लेथखालचा भुसा बघून खूश झाले आणि चक्क उकिडवे बसले. “हे बघा,” ते म्हणाले, “तुमच्या पट्ट्याच्या वाऱ्याने भुसा गोल फिरतो, कणाला कण चिकटतो, आणि कोपऱ्यात त्याचे गोळे होतात की नाही? सूर्याभोवती अशीच धूळ फिरत होती. त्यातूनच हे सगळे ग्रह झाले. आपणही त्यातलेच.” कातारी मनात म्हणाला, माणूस शिकलेला आहे, पण आमच्या कारखान्यात झाडू मारत नाहीत हे किती गोड शब्दांत सांगतोय!

सरांनी त्याला फक्त मापं दिली. कुठला गोळा कुठल्या ग्रहाचा आणि तो कुठे बसतो, याचं चित्र मुलीकडे होतं, कारण रंग तिला द्यायचे होते. तिने रंगवले, वाळवले, प्रत्येकाच्या बुडाशी बारीक आकडा घातला, आणि कापडात गुंडाळून पाठवून दिले. कातारीने एकच्या आकड्याचा पहिल्या दांडीला, दोनचा दुसरीला, असे आठही टांगले. मोटार उद्घाटनाच्या दिवशी सकाळी जोडली गेली. फिरवून बघायला वेळ कुणाला होता!

पाहुण्यांनी बटण दाबलं. आणि काय सांगावं! दोन भलेमोठे निळे ग्रह सूर्याला चिकटून गरगरायला लागले. बिचारी पृथ्वी पार भिंतीकडे, थंडीत काढून ठेवल्यासारखी. शनी आणि गुरू शेजारी-शेजारी आले आणि शनीचं पत्र्याचं कडं गुरूच्या पोटावरून असं काही घासत गेलं, खर्रर्र, की पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. पोरं हसून हसून जमिनीवर लोळायची बाकी होती.

“आकडे कुणी घातले?” कातारी ओरडला.

“मी!” मुलगी गर्दीतून पुढे आली. “बाहेरच्यापासून आत. बरोबर घातलेत.”

“बाहेरच्यापासून कोण मोजतं?”

“का? तुम्ही घरी जाता तेव्हा थेट स्वयंपाकघरात उतरता का? आधी फाटक लागतं, मग अंगण, मग दार.”

“लेथवर सगळं मधून सुरू होतं. मी मधून मोजतो!”

“आणि एवढा मोठा गोळा सूर्याच्या मांडीवर बसवताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“मला वाटलं, समारंभात मोठी माणसंच पुढे बसतात!”

यावर पाहुणेसुद्धा हसले. मोठे सर डोळे पुसत म्हणाले, “दोघांनी मिळून घोळ घातलाय, दोघांनी मिळून निस्तरा.”

निस्तरायला आठवडा लागला. खरं तर दोन दिवसांचं काम, पण ते कुणी कबूल करेना. गोळे काढायचे, पुसायचे, बरोबर दांडीला लावायचे, तोल साधायचा, आणि मधे चहा. ती गुरूच्या पोटावरचा ओरखडा बुजवत बसायची आणि हा उगाच जवळच कुठलातरी नट आवळत राहायचा. तिने ओरखड्यावरून एक तांबूस पट्टा ओढला. लांबून काही कळत नसे, पण बोट फिरवलं की चरी लागायची. वर्षाच्या आत दोघांचं लग्न झालं. सर लग्नाला आले तेव्हा म्हणाले, “चला, आणखी दोन कण चिकटले.”

त्यानंतर दर वर्षी सूर्यमाला पुसायचा एक दिवस असायचा. डबा, जुनी फडकी, उरलेले रंग घेऊन तिघं जायचे. लेक लहान असताना शनीचं कडं डोक्यावर टोपीसारखं घालून खोलीभर फिरायची. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून काकू पृथ्वीचे ढग ताजे करायच्या, टर्पेंटाइनच्या वासाने डोळे चुरचुरायचे, खिडकीतून ऊन यायचं. किती सुखाचे होते ते दिवस! तेव्हा वाटायचं, हे काय, दर वर्षीचंच आहे. आणि दर वर्षी गोळे परत टांगायच्या वेळी काकूंचं ठरलेलं टुमणं असायचं, “अहो, एकदा माझ्या आकड्यांप्रमाणे लावा ना. नुसतं बघू.”

“वेड लागलंय का? चुकीचं ते चुकीचं.”

“एकदाच हो.”

“अजिबात नाही.”

काका हट्टाचे पक्के. बुडाशी तिचे आकडे तसेच, आणि ते मात्र दर वर्षी मधून मोजत बरोबर जागी टांगायचे. शेवटच्या वर्षी काकूंना खुर्चीत बसूनच बघावं लागलं. तेव्हाही त्यांनी विचारलं होतं, आणि काका तेव्हाही नाहीच म्हणाले होते.

दालनात नव्या बाई दारातच भेटल्या. मोठ्या सरांनंतर चौथ्या की पाचव्या. वयाने लेकीएवढ्या, बोलायला गोड. काकांना गोड बोलणाऱ्यांचा भरवसा नव्हता.

“काका, रागावू नका,” मधल्या खोलीत नेता नेता बाई म्हणाल्या. “आता आपली सूर्यमाला पडद्यावर दाखवणार आहोत. आणि या खोलीत दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह मांडायचेत.”

“दुसऱ्या ताऱ्यांचे? ते काय वेगळे असतात?”

“हो ना! पूर्वी सगळ्यांना वाटायचं, सगळीकडे आपल्यासारखंच असणार. छोटे, दगडी ग्रह आत, अवाढव्य ग्रह बाहेर. कारण आत उष्णता, तिथे बर्फ टिकत नाही. बाहेर बर्फ मुबलक, म्हणून तिथले ग्रह फुगतात. मग दुसरे तारे तपासले, तर गुरूएवढाले ग्रह ताऱ्याला अगदी चिकटून फिरताना सापडले. चार दिवसांत एक फेरी!”

काकांचा हात कप्पीच्या साखळीवर होता, तो तिथेच थांबला. “चिकटून?”

“चिकटून. तिथे जन्मले असतील असं बहुतेकांना वाटत नाही. जन्मले लांब, आणि मग सरकत सरकत आत आले. येताना वाटेतल्या लहानांची धूळदाण. कुणी ताऱ्यात पडलं, कुणी कायमचं बाहेर फेकलं गेलं.”

“आणि आपला गुरू? तो बरा शहाण्यासारखा राहिला आपल्या जागी?”

बाई हसल्या. “तोही नाही. काही जण म्हणतात, तोही आत यायला निघाला होता, पण मागून शनी आला, दोघांची ओढाताण झाली आणि दोघं मागे फिरले. म्हणून आपण आहोत. नक्की कुणीच सांगू शकत नाही, काका. पण ग्रह जन्मतात तिथेच राहतात असं नाही, एवढं खरं. उलट आपलं घरच थोडं वेगळं निघालंय.”

काकांनी लेकीकडे बघितलं. लेक त्यांच्याकडेच बघत होती. आज हिची आई असायला हवी होती, त्यांना वाटलं. हे ऐकायला आज ती इथे असायला हवी होती.

“मग इथे काय टांगणार तुम्ही?” लेकीने बाईंना विचारलं.

“तीच तर पंचाईत आहे. नवा सांगाडा करून घ्यायचा, तर करणारं कोणी नाही. फोटो लावू भिंतीवर.”

लेक म्हणाली, “बाबा, आईच्या आकड्यांप्रमाणे लावलं तर?”

बाईंना कळेना. लेकीने साखळी सोडून सांगाडा खाली घेतला, एक गोळा काढला, उलटा करून बुडाशी आकडा दाखवला आणि उद्घाटनाची सगळी हकीकत सांगितली. बाईंचे डोळे चमकायला लागले. “अगदी हाच क्रम असलेला तारा मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या, “पण मोठे आत आणि छोटे बाहेर, असं असू शकतं हे दाखवायला याहून छान काय? काका, असं केलंत तर तुमची सूर्यमाला इथेच राहील. रोज फिरेल.”

काका फटकन म्हणाले, “अजिबात नाही!”

तोंडातून सवयीने गेलं ते. इतकी वर्षं एकाच प्रश्नाला एकच उत्तर दिलेलं, जीभ वाट विसरत नाही. जन्मभर ज्याला चूक म्हटलं ते आता आपल्याच हाताने टांगायचं? बरोबर म्हणून जे सांभाळलं त्याचं काय? लेकीने नुसता तो गोळा बापाच्या हातात दिला. गुरू होता. काकांचं बोट पट्ट्यावरून फिरलं आणि चरीत अडकलं. बुडाशी चारचा आकडा होता, बारीक, तिरका, तिचा. चार, बाहेरून मोजलेले. आधी फाटक, मग अंगण, मग दार.

“एकदाच हो,” असं ती म्हणायची. एकदाच तर म्हणायची! काय बिघडलं असतं? काकांना हुंदका आवरला नाही. भर दालनात, नव्या बाईंसमोर, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत ते उभे राहिले.

मग त्यांनी नाक शिंकरलं आणि खेकसले, “पाना कुठाय? उभ्या काय राहिलात दोघी? सगळे उतरवा.”

दुपार त्यातच गेली. काका आकडा बघायचे, दांडी मोजायचे, नट आवळायचे. एक, दोन, तीन. निळे आत, मग शनी, मग गुरू, आणि शेवटी सगळ्यात बाहेर चिमुकला बुध. सांगाडा वर गेला. खाली बाकावर काकूंची जुनी जागा होती, खिडकीशेजारी. काका तिथे न बसता तिच्या शेजारी बसले.

“दाबा बटण,” ते म्हणाले.

चाकं कुरकुरली. मोठे निळे ग्रह सूर्याच्या मांडीवर बसून गरगरायला लागले. पृथ्वी भिंतीजवळून सावकाश निघाली. शनी आला, गुरूला गाठायला लागला, आणि लेक एकदम उठली.

“बाबा, घासणार! थांबवा, शनीची दांडी वीतभर खाली घ्यायला हवी!”

“उद्या घेईन,” काका म्हणाले. “आज राहू दे.”

कडं गुरूच्या पोटाला लागलं आणि जुन्याच चरीतून खर्रर्र करत गेलं. बाईंनी कानांवर हात ठेवले. काकांनी ठेवले नाहीत. ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळले आणि म्हणाले, “लावले बघ. तुझ्या आकड्यांप्रमाणे.”