दिवस मावळायच्या आत

माझी आई पद्मावती कुरुंदवाडची जैन. दिवस मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही, तिला नाही आणि मलाही नाही. १९९८ साली माझ्या चष्म्याचा नंबर भराभर वाढायला लागला, तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले. "औषध डोळ्याच्या आतल्या पडद्यावर काम करतं, डोळा लांबट होऊ देत नाही. रोज झोपताना घाला."

पहिल्याच रात्री थेंब घातल्यावर मी म्हणाले, "आई, घशात कडू लागतंय."

रात्रीचं औषध घशात उतरलं, नियम मोडला म्हणून तिनं बाटली फेकली. विचारलं कुणालाच नाही.

दोन वर्षांत नंबर दुप्पट झाला. डॉक्टर ओरडले, "अहो, मग दिवस मावळायच्या आत घालायचं की!"

आता मी सासरी असते. ऊन कललं की आईचा फोन येतो. "आदे, थेंब घातलेस काय गं?"

थेंब बंद होऊन कित्येक वर्षं झाली, तरी मी रोज "व्हय" म्हणते.