आवळीखालची पंगत

नातवंडांनो, कार्तिकात आपण आवळीखाली का जेवतो, असं तुम्ही फोनवर विचारलंत. यंदा ते झाडच जाणार होतं, म्हणून आताच लिहिते. चुलीपुढे जन्म काढणाऱ्या बायांना एक दिवस तरी बागेत बसून जेवता यावं म्हणून ही रीत पडली, असं माझ्या सासूबाई सांगत.

यवतमाळच्या जुन्या बागेतला माळी आवळीला ‘बुढी’ म्हणतो. "बाई, फांदी वढू नका, बुढीचा हात हाये तो," असं तो मलाही दटावतो. मला त्याचा थोडा धाकच वाटतो.

बागेतून फरशीचा रस्ता काढायला ठेकेदार करवत घेऊन आला, तेव्हा माळ्याने बुंध्याशी बसून डबा उघडला.

"ऊठ रे!"

"जेवून राह्यलो, साहेब. जेवत्या माणसाले उठवता? तुमच्या मायनं हेच शिकवलं काय?"

ठेकेदाराने करवत खाली ठेवली. माळी सावकाश घास चावत राहिला. मी घरून पोळी-भाजी आणली, शेजारणींना हाक मारली, आणि आम्ही त्याच्या पंगतीला बसलो. दिवस मावळेपर्यंत कोणीही हात धुतला नाही. शेवटी ठेकेदाराने रस्ता आखायला बांधलेली दोरी झाडापासून बाजूला सरकवली.

आवळी उभी आहे. तिच्याखाली आम्ही अजून जेवतो.