चुलीच्या कमानीचं लाल पॉलिश

आमच्या वडिलांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नाही. ओलं सरपण आणि वाळलं सरपण यातला फरकही त्यांना हात लावून कळला असता की नाही, शंकाच आहे. पण दुष्काळाच्या त्या वर्षी नव्या स्वयंपाकघरात चुलीच्या कमानीला गिलावा कशाचा करायचा, हे ठरवायला आमच्या घरात त्यांच्याएवढा जाणकार दुसरा कुणी नव्हता. निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं.

वडील साखर कारखान्यात हजेरी लिहायला होते आणि आमचं गाव सोनईच्या अलीकडे. जुनं स्वयंपाकघर पाडून त्यांनी विटांची नवी खोली बांधली. भिंतीत खोल कमान काढली, कमानीत चूल, वर धूर जायला धुराडं. सगळं झालं आणि काम अडलं ते गिलाव्यावर. तोवर आई परसात, उसाच्या पाचटाच्या छपराखाली, तीन दगड मांडून स्वयंपाक करत होती. वारं सुटलं की पिठात धूळ जायची आणि ठिणग्या वर उडायच्या. भाकरी थापताना तिचा एक डोळा तव्यावर आणि एक छपरावर. एखाद्या दिवशी ते पाचट हिच्या अंगावर पेटून पडणार, या भीतीने मला शाळेत बसवायचं नाही.

"तुमाला काय लावायचं ते लावा," आई म्हणायची, "पन चूल तेवढी आत न्या."

असल्या साध्या बोलण्याकडे लक्ष देतील तर ते वडील कसले! संध्याकाळी ओट्यावर खल चाले. समोर तिसगावचा गवंडी. हा माणूस कुणी काहीही म्हटलं तरी "व्हय, तसं बी करता येतं" एवढंच म्हणायचा, म्हणून वडिलांना तो फार हुशार वाटे. पहिल्यांदा चुना निघाला. तो धुराने पिवळा पडतो म्हणून बाद. पांढरी माती, शेण आणि भुसा हे तर गावातल्या प्रत्येक घरात होतं, आणि जे प्रत्येक घरात आहे ते आपल्या घरात असलं तर विटांची खोली बांधून मिळवलं काय, असा वडिलांचा सवाल. मग एके दिवशी ते कारखान्यातून बॉयलरच्या भट्टीला आतून लिंपतात ती माती रुमालात बांधून घेऊन आले. रात्रंदिवस आग सोसणारी माती ती. आम्हाला वाटलं, सुटलो. पण गवंड्याने त्या मातीचा एक हात भिंतीवर फिरवला, वडील चार पावलं मागे सरून बघत राहिले आणि म्हणाले, "राखेचा रंग दिसतोय. चुलीला शोभत नाही."

चुलीला राखेचा रंग शोभत नाही! हे वाक्य मी आजवर कितीजणांना सांगितलं असेल, मोजदाद नाही.

शेवटी पसंत पडलं ते सिमेंटवर लाल पॉलिश. कारखान्यातल्या साहेबाच्या बंगल्याची फरशी तशी होती. फरशीवर कुणी जाळ करत नाही, एवढी गोष्ट ओट्यावरच्या त्या दोन डोक्यांत आली नाही. आता सिमेंट म्हटलं की पाणी मारणं आलं. विहिरी तळाला गेलेल्या. आई आणि थोरली बहीण लांबच्या मळ्यातून हंडे आणत होत्या. आम्ही तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकायचो आणि वडील कमानीवर घागर ओतायचे. ओतताना मात्र अगदी देवाला अभिषेक केल्यासारखा चेहरा.

गवंड्याने दगडाने घोटघोटून पॉलिश केलं, वरून खोबरेल चोळलं. तोंड दिसेल अशी कमान झाली, आतली चूलही तशीच लालभडक. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. आईने गोवरी पुढे केली तर वडील ओरडले, "अजून पक्कं झालं नाही!" पक्कं झालं तेव्हा म्हणाले, थोरलीला बघायला पाहुणे येणार आहेत, तेवढं होऊ दे, काजळी धरेल. आणि चुलीच्या तोंडापाशी त्यांनी ट्रान्झिस्टर आणून ठेवला, वर विणलेला रुमाल टाकून. आई पुन्हा पाचटाखाली. मला त्यांचा इतका राग आला होता की तो ट्रान्झिस्टर उचलून आडात टाकावा.

पाहुणे आले. पुरुष पुढे बसले आणि मुलाची आई, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, स्वयंपाकघर बघायला आत आली. कमानीपुढे येऊन ती थबकली. चुलीत राखेचा कण नाही, निखारा नाही. तिने पदर सावरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "चूल गार कशी वो? घरात कुनाचं काय झालंय का?"

आमच्या भागात चूल पेटली नाही म्हणजे घरात कुणी गेलं. त्या घरात पाहुणा पाणीसुद्धा घेत नाही. बाई निघायच्याच बेतात होती. थोरलीचा चेहरा पांढरा पडला.

"न्हाई वो, बसा," आई म्हणाली. "आत्ता पेटवते."

तिने ट्रान्झिस्टर उचलून माझ्या हातात दिला, परसातून तुरकाट्या आणि दोन बाभळीची लाकडं आणली आणि जाळ केला. चहाचं आधण ठेवलं. थोड्या वेळाने कमान तडतडायला लागली आणि लाल खपल्या उडू लागल्या. एक थेट आधणात पडली. धुराचा वास ओळखून वडील धावत आले. "अगं, पॉलिश!" आईने मागे वळूनही पाहिलं नाही. चमच्याने खपली काढली आणि चहा गाळला. सोयरीक जमली. ती कमान बघून जमली, असं वडील पुढे सगळ्यांना सांगत, आणि लोकही ऐकून घेत.

आई रोज सकाळी उडालेल्या जागी शेणमाती सारवायची. दोन-तीन वर्षांत लाल रंग औषधालाही उरला नाही. वडिलांनी पुन्हा त्या कमानीकडे ढुंकून पाहिलं नाही.

मग आई गेली. भावकीतून पिठलं-भाकरी आली. वडील ताट तसंच ठेवून स्वयंपाकघरात जाऊन बसले, कमानीसमोर. चूल गार. पेटवू नको, हे वाक्य ज्यांच्या तोंडून आम्ही सगळ्यांत जास्त ऐकलं, ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेटव गं ती. बघवत नाही."

मी पेटवली नाही. रिवाज होता, हे खरं. पण रिवाज नसता तरी पेटवली नसती. बघू दे, म्हटलं.