शापवाले सर आणि दगडाचा हात

शापवाले सर शाप देतानाही टाय सैल करत नसत. आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावात दर रविवारी देवळामागच्या मैदानावर हा सरकारी कचेरीतला प्रौढ माणूस खांद्यावर खिडकीचा पडदा टाकून उभा राही, समोरच्या राक्षसाकडे बोट दाखवी आणि गंभीरपणे म्हणे, "हात दगड." राक्षस म्हणजे कॉलेजातला एखादा पोरगा. तो निमूट तलवार टाकी आणि हात लुळा सोडी. उसाच्या मळ्यांत मजूर संपावर, आणि आमचे शिकलेसवरलेले लोक पडदे पांघरून लढाया खेळणार! मला तेव्हाही चीड येई, आजही येते. सर बदली होऊन सूयाकला गेले म्हणून ती कमी झालेली नाही.

सर तरुणपणी इंग्लंडला शिकायला गेले आणि डिग्रीबरोबर हे खूळ घेऊन आले. बांबूला जुन्या गादीचा फोम गुंडाळला की झाली तलवार. कुणी राजा, कुणी मांत्रिक. पण सरांचा जीव अडकला होता तो शाप हलका करण्याच्या नियमात. दगड झालेला हात हलत नाही. दगडाचं लाकूड झालं की हलतो, पण वार करता येत नाही. लाकडाची माती झाली की वार होतो, निम्म्या जोराचा. यातली प्रत्येक पायरी उतरायची, तर आपल्या बाजूच्या कुणीतरी स्वतःचं हत्यार खाली ठेवून शाप लागलेल्याचा हात धरून उभं राहायचं, आणि तेही भोवती लढाई चालू असताना. तेवढ्यात त्याच्यावर वार झाला तर तो मेला. राजालाही सूट नाही. कुणी सवलत मागितली की सर म्हणत, "आपला आपण उतरवता येत नाय, मो गार्सों, पोरा माझ्या. माणूस शोध."

मी आमच्या रोजच्या क्रेओल बोलीत पत्रक काढलं, 'पडद्यातले राजे', आणि बसस्टँडवर वाटलं. सरांनी एक गठ्ठा मागून नेला आणि खेळणाऱ्या पोरांना वाटून टाकला. असं का केलंत म्हणून विचारायला गेलो, तर म्हणाले, "वाचू देत. तुझे शाप आमच्यापेक्षा झणझणीत हाईत." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? पत्रक मात्र मी आजही मागे घेत नाही.

त्यांच्या खेळात सगळ्यात तडफदार मांत्रिक होती सरिता, प्लेन दे पपाय गावच्या ऊसतोड्याची मुलगी. शिकायला व्हाकोआत मावशीकडे राहायची. एका रविवारी तिनं विकासचा हात दगड केला. विकास म्हणजे देऊळ आणि मैदान सांभाळणाऱ्या आमच्या मराठी संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा. अध्यक्षांना सगळे प्रेसिदां म्हणतात. विकासनं कधी कुणासाठी तलवार खाली ठेवली नव्हती, म्हणून त्याच्यासाठीही कुणी ठेवली नाही. लढाई संपेपर्यंत तो तसाच उभा. त्याच्या आईनं देवळातून ते पाहिलं. आणि त्याच आठवड्यात विकाससाहेब मोटरसायकलवरून पडले आणि नेमका तोच हात मोडून घेतला.

झालं. सरितानं म्हणे लोंगानिस केलं. जादूटोण्याला आमच्याकडे हाच शब्द, आणि तो एकदा पोरीला चिकटला की लग्न, नोकरी, शेजार, जिथं ती जाईल तिथं तिच्या आधी पोचतो. कमिटी बसली. फेटे बांधून भाषणं ठोकणारी हीच मंडळी. त्यांनी ठरवलं की पोरीनं देवासमोर शाप परत घ्यावा, मग मैदान सरांना पूर्वीसारखं मिळेल. सरिता भिंतीला टेकून उभी होती. मी उठून सांगितलं की शाप नावाची गोष्ट नसते, ओला रस्ता नावाची असते. मला खाली बसवलं गेलं. सर मैदान सोडणार नाहीत, पोरीला वाकायला लावतील, याची मला खात्री होती.

सर उठले. "परत घ्यायची सोय नियमात नाय," ते म्हणाले. "हलका करता येतो फक्त. त्याला कुणीतरी हात धरावा लागतो. मैदानात ह्या पोराचा कुणी धरला नाय. प्रेसिदां, घरी तरी कुणी धरला काय?"

प्लास्टरमधल्या हाताकडे बघत विकास मान खाली घालून बसला. प्रेसिदां लाल झाले आणि मैदान कायमचं बंद झाल्याचं सांगून निघून गेले.

बाहेर मी सरांवर तुटून पडलो. नियम कसले सांगता, शाप खोटा आहे एवढं म्हणायला काय झालं होतं?

"तू म्हणालास की. कुणी ऐकलं?" सर म्हणाले. "पोरीनं परत घेतला म्हणजे दिला होता, असंच झालं असतं ना. मग तुझी पत्रकं काय करणार होती?"

खेळ संपला. तलवारी देवळामागे पावसात कुजल्या. सरांनी त्या उचलूनही नेल्या नाहीत, याचाही मला रागच आला.

पुढच्या शनिवारी सरिता देवळातल्या मराठीच्या वर्गाला आली, तेव्हा तिच्या बाकावरच्या मुली उठून दुसरीकडे बसल्या. आयांनी तसं बजावून पाठवलं होतं. थोड्या वेळानं टाय लावलेले सर आत आले, लहान पोरांच्या त्या बुटक्या बाकावर तिच्या शेजारी गुडघे दुमडून बसले आणि बाराखडी गिरवू लागले. सरांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. मग दर शनिवारी.

वर्षअखेरच्या परीक्षेत सर सपशेल नापास झाले. तोवर उठून गेलेल्या मुली परतल्या होत्या आणि त्या बाकावर सरांना बसायलाही जागा उरली नव्हती.