बियरची झाकणं वेचणारी बाई

भाजे गावच्या शाळेतली एक बाई दर सोमवारी माझ्या घरासमोर पर्यटकांनी टाकलेली बियरची झाकणं वेचायची. बायको गेल्यापासून मी दारात नुसता बसून असायचो. एकदा राहवलं न्हाई.

"बाई, पोरांना प्यायला शिकवता व्हय?"

"आबा, पितात शहरातले. आमची पोरं त्यावर मोजायला शिकतात," ओढणीनं झाकण पुसत ती म्हणाली. "शिवाय प्रत्येकाच्या नावाचं एक झाकण असतं. आलेलं पोर ते खिळ्याला अडकवतं. खिळा रिकामा दिसला, की सगळा वर्ग त्या पोराला आणायला घरी जातो."

"मी वर्षभर हितं बसलोय. कुत्रंबी आणायला आलं न्हाई."

ती हसली न्हाई. एका झाकणावर पेनानं 'आबा' लिहून म्हणाली, "उद्या दहाला शाळेत या."

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ केली, धुतलेली टोपी घातली, आणि दहा वाजून गेले तरी मुद्दाम दारातच बसून राहिलो.