पुलाच्या अलीकडचं पाणी

नेदरलँड्समध्ये घरामागचा चर दर वर्षी हिवाळ्याआधी उपसावा लागतो. नाही उपसला तर पाण्याचं सरकार दारात येतं. हो, इथे पाण्याचं वेगळं सरकार असतं. वाटरस्खाप म्हणतात त्याला, आणि त्याच्या निवडणुकाही होतात. ऑफिसात साचलेले किस्से उपसायला मात्र कोणी येत नाही. आमच्या झुइडास भागातल्या ऑफिसात तर इतका गाळ साचलाय, की एखाद्या दिवशी लिफ्ट रुतून बसेल.

काम आमचं साधं. एखाद्या कंपनीला वापरलेलं पाणी कालव्यात सोडायचं असेल, तर आम्ही नमुने घेतो, तपासतो आणि ‘या पाण्याने काही बिघडणार नाही’ असा रिपोर्ट सही करून देतो. मग वाटरस्खाप परवाना देतं. सही वैशालीची. वैशाली कांबळे, राहणार डीमन, मूळ गाव महाड, डॉक्टरेट पाण्याच्या रसायनात. मी वयाने बराच मोठा, म्हणून ती मला दादा म्हणते आणि त्याच हक्काने झापते.

*

नमुन्याच्या बाटल्या फार सुरेख असतात. जाड काच, घट्ट झाकण. उरलेली अशी बाटली फेकून देणं आपल्या रक्तात नाही. मी चार घरी नेल्या, बायकोने त्यांत कोकम सरबत भरलं आणि त्यातली एक मी ऑफिसच्या फ्रिजात, नमुन्यांशेजारी ठेवली.

इथल्या दलदलीतल्या चरांचं पाणी रंगाने साधारण तसंच असतं. बाटली इतर नमुन्यांबरोबर लॅबला गेली.

दोन दिवसांनी लॅबमधल्या बाईंचा फोन आला. आवाज हादरलेला. या चरात मासा काय, किडाही जगणं शक्य नाही, म्हणाल्या. शिवाय पाण्यात जिरं आहे. तिथे नक्की कसला उद्योग चालतो?

वैशालीने माझ्याकडे बघत उत्तर दिलं, "घरगुती आहे. आजपासून बंद."

*

आमचा प्रोजेक्ट मॅनेजर मंदार हा पुण्याचा. ‘बघू, अ‍ॅडजस्ट करू’ हे त्याचं ब्रीद. अख्ख्या हॉलंडला परवाने मिळवून देणाऱ्या या माणसाने हूफडॉर्पच्या नव्या घरामागे, चरावर, लाकडी डेक ठोकला. परवान्याशिवाय! रविवारी त्यावर मिसळ पार्टी ठेवली आणि आम्हाला बोलावलं.

पहिली तर्री वाढली जात होती तेवढ्यात डेकखालून एक होडी निघाली. होडीत वाटरस्खापचा माणूस. मंदारने गडबडून त्याला मिसळ दिली. त्याने होडीत उभ्यानेच खाल्ली, नाक पुसलं, पाव मागून घेतला आणि डेक तोडायला दोन आठवडे दिले.

मंदार केविलवाणा होऊन म्हणाला, "वैशाली, तू तरी सांग ना याला काहीतरी."

तिने त्या माणसाशी डचमध्ये दोन वाक्यं बोलून घेतली आणि परत मिसळीकडे वळली.

"काय सांगितलंस?"

"दोन आठवडे जास्त होतात म्हटलं."

आता त्या डेकचं डायनिंग टेबल झालंय. बारा माणसं बसतात. मंदारला जेवायला घरात जागा उरत नाही, ही गोष्ट वेगळी.

*

आमचा बॉस रूद. सज्जन माणूस, पण डच. चारजणांनी कॉफी घेऊन बसलं की प्रत्येक गोष्टीचा मधला मार्ग निघतो, यावर त्याची नितांत श्रद्धा. वैशालीच्या वार्षिक आढाव्यात तो म्हणाला, काम उत्तम आहे, फक्त थोडी तडजोड शिक.

ती म्हणाली, "मी महाडची आहे, रूद. पाण्याच्या बाबतीत आमच्या घरात तडजोड होत नाही."

त्याला काही कळलं नाही. बाहेर येऊन त्याने मला विचारलं. मी सांगितलं, गावाचं नाव नेटवर टाकून वाच. दुसऱ्या दिवशी तो कॉफी न घेताच तिच्या टेबलापाशी येऊन गेला. तडजोड हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही.

निदान डेटा सेंटरपर्यंत तरी.

*

हूफडॉर्पबाहेर एक डेटा सेंटर वाढत होतं. त्यांचं गरम पाणी एका चरात पडे आणि पाइपच्या तोंडाशी शेवाळाची हिरवी-निळी साय धरे. थोडं पुढे पूल. पुलापलीकडे मोठा कालवा येऊन मिळतो, तिथे पाणी चकाचक. त्यांच्या डायरेक्टरचं म्हणणं एवढंच की नमुना पुलाच्या पलीकडून घ्या.

वैशाली नाही म्हणाली. तिची नोकरी कायम व्हायची होती त्याच महिन्यात. नाही झाली तर इथला मुक्काम अवघड होता, आणि हे सगळ्यांनाच माहीत होतं. मंदार म्हणाला, "अगं, दहा पावलांचा तर प्रश्न आहे."

"मग पाइप ने ना दहा पावलं," ती म्हणाली.

रूदने माझ्याकडे पाहिलं. सहीचा अधिकार मलाही आहे. मी म्हटलं, करतो की! पण माझ्या नमुन्यात जिरं निघतं, हे लॅबला ठाऊक आहे.

शेवटी ठरलं, सगळ्यांनी जागेवर जाऊन बघायचं.

*

डायरेक्टर आला तो कुत्रा घेऊन. गुबगुबीत, सोनेरी, पाणी दिसलं की उडी मारणाऱ्या जातीचा. पाइपच्या तोंडाशी उभं राहून डायरेक्टर आम्हाला समजावत होता, की हे पाणी फक्त कोमट आहे, त्यात वाईट असं काहीच नाही. रूद मान डोलावत होता.

तेवढ्यात पट्टा हातातून निसटला. कुत्रा थेट काठाकडे.

डायरेक्टर चिखलात गुडघ्यांवर पडला, पण त्याने गळपट्टा पकडलाच.

"इथे नाही!" तो ओरडला. "तिकडे, पुलाच्या पलीकडे!"

कुत्रा धापा टाकत आळीपाळीने आमच्या सगळ्यांकडे बघत होता.

रूदने नमुन्यांची पेटी उघडली, एक रिकामी बाटली काढली, झाकण फिरवलं आणि वैशालीपुढे धरली.