आजीच्या मनगटावरची निळी बोटं

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. नव्वदच्या दशकात मी भोकरदनच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका गावच्या पोलीस पाटलानं खबर आणली, की तिथल्या म्हातारीला तिचा मुलगा मारतो. मुलगा जालना एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला, तापट. म्हातारीच्या दंडावरचे निळे डाग पाहून माझं डोकंच फिरलं. मुलाला ताब्यात घेतलं.

चौकशीत तो एकच बोलत राहिला, आईला विचारा. आईचा जबाबही ठरलेला, "मला कुनी बोट लावलं न्हाई." मुलाला वाचवायला असं सांगणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या होत्या. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू आहे का? ती नाही म्हणाली. गुन्हा पक्का दिसत होता, तरी मला चैन नव्हतं. मार खाणारं माणूस मारणाऱ्याच्या हातांकडे बघतं. ही त्याच्या तोंडाकडे बघून जेवला का विचारत होती.

दुसऱ्या दिवशी आजी ठाण्यात आली, तेव्हा तिच्या मनगटावर निळी बोटं उमटलेली. मुलगा तर कोठडीत! आमची महिला शिपाई कावरीबावरी झाली. आदल्या दिवशी जीपमधून उतरवताना तिनंच आजीचा हात धरला होता, तोही हलकेच.

मग मी औषधाचं नावच काढलं नाही. विचारलं, "आजी, गुडघे दुखले की काय करता?"

"दुकानातली गोळी घेते रोज. आन् बाजारातून लसणाच्या अर्काच्या गोळ्या आनल्यात, त्या बी खाऊन राह्यले."

डॉक्टरानं दिलं तेवढंच औषध, बाकीचं नाही, हा तिचा हिशेब. हे कळवल्यावर डॉक्टर हादरले. म्हणाले, दोन्हींनी रक्त गोठायचं कमी होतं; एकत्र घेतल्या तर नुसतं धरलं तरी डाग पडतो. पोटात रक्तस्राव झाला असता तर म्हातारी हाती लागली नसती. दोन्ही गोळ्या बंद करून त्यांनी तिला दाखल करून घेतलं.

तेव्हापासून मी जखम आणि जबाब वेगवेगळे तपासू लागलो, दोन्हींवर सारखाच संशय ठेवून.

मुलगा सुटल्यावर थेट दवाखान्यात आला. आजीनं त्याचा हात हातात घेतला. मनगटावर आमच्या बेडीचा वळ होता. त्यावरून बोट फिरवत तिनं विचारलं, "तू बी गोळ्या खाऊन राह्यला का रे?"